खुंट्याचे अनवाणी पाय

आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याला सगळे खुंटा म्हणत, कारण एकदा उभा राहिला की गाणं संपेपर्यंत तो जागचा हलत नसे. दिवसा पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात दणदणत्या प्रेस मशीनवर, संध्याकाळी आमच्यात. वाजवायचा अनवाणी, आणि तेही ड्रमरच्या लाकडी चौथऱ्यावर चढून. ड्रमर त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. "बहीण दिली तेवढी पुरली नाही, जावईबापूंना आमचा चौथराही हवा!" असं तो कुरकुरायचा. कलावंताला एखादं खूळ असायचंच, म्हणून आम्ही सोडून दिलं. मी ट्रम्पेट वाजवतो. माझी खुळं मी मोजतच नाही.

पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर ड्रमरचा पाय मात्र भलताच जड. "अरे, ड्रम आहे, दार नाही!" म्हणून आम्ही त्याला कायम झोडपायचो. त्या पायापायी दोन ठिकाणची कामंही हातची गेली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमचा गायक गोरापान, निळ्या डोळ्यांचा. काळ्या लोकांचं सोल आणि फंक गातो म्हणून लोक आधी नाकं मुरडत, मग नाचत. नाचत ते आमच्यामुळे, हे माझं स्पष्ट मत. अल्बम ठरला तेव्हा त्याने एकच अट घातली: सगळ्यांनी एकदम वाजवायचं, तुकडे जोडायचे नाहीत. एक चुकला की सगळे पहिल्यापासून.

स्टुडिओत रेकॉर्डिस्टने चौथऱ्यासकट ड्रमरला काचेच्या खोलीत बसवलं, म्हणजे त्याचा दणदणाट इतरांच्या माइकमध्ये शिरणार नाही. आम्ही बाहेर, जाड गालिच्यावर, कानांना हेडफोन लावून. पहिल्या खेपेला खुंटा मागे पडला, दुसऱ्या खेपेला पुढे पळाला. दुपारपर्यंत एकही गाणं पुरं झालं नाही.

"दुसरा बेसवाला बोलावू का?" रेकॉर्डिस्टने विचारलं. गायक गप्प बसला. मला त्याचा राग आला, पण गप्प मीही बसलो.

खुंट्याने आमचे चेहरे पाहिले आणि गिटार खाली ठेवली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "प्रेसने दोन्ही कान खाल्ले. मेव्हण्याच्या पायाचा ठोका चौथऱ्याच्या फळीतून तळव्यांना लागतो, त्यावर वाजवतो. इथे काहीच लागत नाही."

ड्रमर हेडफोन काढून, काचेचं दार उघडून बाहेर आला आणि ओठ नीट दिसतील असा खुंट्यासमोर उभा राहिला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "नाहीतर मी काय हौसेने इतकी वर्षं पाय आपटतोय?"

मग त्याने ते दार उघडून धरलं.

"चढा वर, जावईबापू."