पाण्याखालची गाडीवाट

परवा गोदावरीच्या मधोमध माझं आणि आमच्या नावाड्याचं भांडण झालं. म्हणजे भांडले मी एकटीच… मारुतीमामा बांबू टेकत गप्प उभे होते, आणि मला त्याचाच जास्त राग येत होता.

मी लोह्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. नदीपलीकडच्या वस्तीवर महिन्यातून एकदा लसीकरणाला जायचं असतं. रस्त्याने जायचं तर पुलाचं काम चालू आहे म्हणून भला मोठा वळसा, नाहीतर मामांची होडी.

यावेळी घाई होती. वस्तीवरची सुनीता साडेबाराला टोळीच्या ट्रॅक्टरने ऊसतोडीला निघणार होती आणि तिचं बाळ सात आठवड्यांचं. दीड महिन्याचा डोस आज चुकला, तर बाळ थेट उन्हाळ्यात परत येणार… तोवर कुठल्या फडावर कोण त्याला टोचणार, देव जाणे.

आणि नेमकी पहाटे खालच्या बंधाऱ्याची दारं उघडलेली. काल पायरीला लागलेलं पाणी सकाळी पार खाली. आमच्याकडे समुद्र नाही, पण भरती-ओहोटी आहे… फक्त तिचं वेळापत्रक आम्हाला कुणी सांगत नाही.

वस्तीवरच्या आशा सेविका शबानाआपा यांचे सकाळपासून तीन फोन झाले होते. "सिस्टर, सामान चढून राहिलं. मुकादम ऐकंना." मी लसीचा निळा डबा मांडीवर घेतला आणि होडीत बसले. बारा वाजत आले होते.

समोर घाट दिसत होता. लिंबाखाली उभी माणसंही दिसत होती. आणि आमची होडी चालली डावीकडे! मग थोडं पुढे, मग काटकोनात उजवीकडे… मध्ये ना खडक, ना झाड, नुसतं उघडं पाणी. हा कसला द्राविडी प्राणायाम?

सरळ का नाही घेत, विचारलं.

"सरळ गणपतरावाचं रान हाय ना," मामा शांतपणे म्हणाले.

आता हे रान बंधाऱ्याच्या पाण्याखाली जाऊन वीस वर्षं झाली. गणपतराव स्वतः नांदेडला मुलाकडे राहतात. आणि मामा त्यांची ज्वारी तुडवली जाऊ नये म्हणून वळसा घालतायत! माझं डोकंच फिरलं.

मी फोन काढला, नकाशा उघडला. घाटापर्यंत सगळं निळंच निळं. मामांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, सरळ घ्या, उशीर झाला तर मी वर तुमचं नाव सांगेन… हे शेवटचं बोलायला नको होतं.

मामांनी फोनकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "तुमी म्हणता तर घेतो. मंग मला बोलू नका."

सरळ घेतली. शंभर पावलं गेलो असू… आणि होडी चिखलात म्हैस बसावी तशी निवांत बसली. मामा खाली उतरले तर पाणी त्यांच्या गुडघ्याच्याही खाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मीही उतरले. डबा डोक्यावर, साडी खोचलेली, एक चप्पल चिखलाने गिळली. पिशवीत फोन वाजत होता आणि कुणाचा ते मला माहीत होतं. रागाने रडू यायला लागलं… बंधाऱ्याचा राग, मुकादमाचा राग, मामांचा राग.

मामा एकीकडे होडी ढकलत होते, एकीकडे बोलत होते. "रान उंच असतंय, सिस्टर. गाडीवाट खोल. बापजाद्याच्या बैलगाड्या जाऊन जाऊन वाट कंबरभर खाली गेल्ती. पानी उतरलं तरी तिथं ऱ्हातंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा गणपतरावांच्या ज्वारीला जपत नव्हते. ते गावाच्या जुन्या गाडीवाटेने होडी चालवत होते… वाट वळायची तिथे होडी वळत होती. आणि मी त्यांना मोबाईलवर नकाशा दाखवत होते.

होडी सुटली. मामांनी ती मागे घेतली, बांबूने चाचपत वाट शोधली आणि पुन्हा तेच, डावीकडे, पुढे, काटकोनात उजवीकडे.

घाटाला लागलो तेव्हा पाऊण वाजला होता. ट्रॅक्टर धडधडत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता… आणि ट्रॅक्टरच्या अगदी पुढ्यात, रस्त्यावर मांडी ठोकून सुनीता बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी शबानाआपा. "मी म्हणलं, सिस्टर येतेत. हलायचं न्हाई," सुनीता म्हणाली.

बाळाला डोस दिला. त्याने अख्खी वस्ती डोक्यावर घेतली. कार्डावर तारीख लिहिताना माझ्या अंगठ्याचा चिखल लागला, पुसायला गेले तर अजून पसरला.

मग मुकादमाला सांगितलं की टोचल्यावर अर्धा तास बाळाला इथेच थांबवावं लागतं. आता हा ओरडणार म्हणून मी तयारच होते. त्याने माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, एकाच चपलेकडे बघितलं, आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

बाकीची मुलं टोचून परत निघायला तीन वाजले. मामा बांबू घेऊन उभेच होते. "बसा सिस्टर. आता कुठून घ्यायची?" चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही… ते जास्त लागलं.

"चुकलं माझं, मामा. वाटेनंच घ्या."

गणपतरावांच्या रानाला पूर्ण वळसा घालून आम्ही परत आलो.

सुनीताचं बाळ आता दूर कुठल्यातरी फडावर पाचटाच्या खोपीत झोपलं असेल. त्याच्या कार्डावर माझी सही आहे… पण तो चिखलाचा ठसा मारुतीमामांच्या नावाचा समजा.