वाढवलेले चार सेकंद

धानोऱ्याच्या शाळेत मी चोवीस वर्षं गणित शिकवतो आहे, आणि जवळपास तितकीच वर्षं तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत वेळ घेण्याचं काम माझ्याकडे आहे. घड्याळावर पंधरा पूर्णांक सहा दिसलं तर मी पंधरा पूर्णांक सहाच लिहितो, साडेपंधरा लिहीत नाही. "गुरुजीच्या घड्याळात मेहरबानी नाई," असं पोरं म्हणतात, आणि मला ते आवडायचं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं. दोन हिवाळ्यांपूर्वी सोळा दिवस मी खोटी वेळ सांगितली, आणि तीही माझ्या स्वतःच्या मुलीला.

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. बी.एस्सी. झालेली, लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. प्रश्न आठशे मीटर धावण्याचा होता. पूर्ण गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यावं लागतं. शाळेच्या मैदानाची फेरी दोनशे मीटरची, म्हणजे चार फेऱ्या. दिवाळीत तिला दोन मिनिटं अठ्ठावन्न लागत होती.

तिला आणि गावातल्या आणखी पंधरा-वीस मुलामुलींना आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त सैनिक फुकट शिकवायचे. सारं गाव त्यांना फौजीभाऊ म्हणतं. ते पळवायचे, मी वेळ घ्यायचो.

मला तिनं पोलिसात जायला नको होतं. हे मी तिला सरळ कधी सांगितलं नाही. बायको म्हणायची, "तुमच्या मनात नाई तर तोंडानं सांगा ना तिले. मले कायले सांगता?"

एकदा जेवताना जंगलातल्या नक्षलवाद्यांचा विषय काढून पाहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता संपत आली लढाई. सारेच म्हणून राह्यले."

"तू चौथीत होतीस तेव्हाही संपतच आली होती."

"तेव्हा तुम्ही इलेक्शनच्या ड्युटीले कसे गेले होते, अन् आता कसे जाता?"

तेव्हा मतदानाचं यंत्र घेऊन पोलिसांच्या मध्ये चार तास जंगलातून चालत गेलो होतो. पुढेमागे बंदुका, आणि कुणी खोकलं तरी सगळे थांबायचे. मागच्या वेळी त्याच गावाला गाडीनं सव्वा तासात पोहोचलो. तिथल्या शाळेत आता मोबाईल लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण माझ्या हजेरीपटावरचा एक मुलगा पोलिसात गेला आणि रस्त्यातल्या स्फोटात संपला, तेही मी पाहिलं. त्याच वर्गातली एक मुलगी दहावीच्या आधी जंगलात निघून गेली. तिची काही बातमी नाही. दोघांनाही मी नऊचा पाढा शिकवला होता. म्हणून वाद पुढे नेला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारची गोष्ट. रविवारी फौजीभाऊ मुलांना रस्त्यावर लांब पळवत, स्वतः सायकलीवर मागे. मी तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी घड्याळ घेऊन उभा होतो. दगडाच्या पुढे रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे. मुलं ती ओलांडून पुढे गेली होती आणि वळून परत येणार होती. तेवढ्यात रस्ता तपासणारी पोलिसांची तुकडी आली. दोघं डांबराच्या कडेनं सुरुंग शोधायचं यंत्र फिरवत, बाकीचे झाडीच्या आतून. मोरीपाशी पुढच्यानं हात वर केला आणि सगळे जिथल्या तिथे थांबले.

"मागं व्हा सर. अजून मागं."

मोरीच्या नळीत स्टीलचा डबा होता. झाकण फडक्यानं बांधलेलं. आमच्या भागात रस्त्याकडेला ठेवलेला स्टीलचा डबा म्हणजे काय, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. माझी मुलगी अकरा मिनिटांपूर्वी त्यावरून पळत गेली होती आणि त्यावरूनच परत यायची होती. पोलिसांनी ओरडून, हात हलवून पलीकडच्यांना अडवलं. लांबवर तिचा निळा टी-शर्ट दिसत होता. मी घड्याळाचं बटण दाबलं, सवयीनं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पोलीस आडवे झोपले होते. गडचिरोलीहून बॉम्ब निकामी करणारं पथक यायला वेळ होता. पलीकडचा निळा ठिपका दोनदा जागेवरून हलला आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडातून "थांब" निघालं, तिला ऐकू जाण्यासारखं अंतर नसतानाही.

अडतीस मिनिटांनी रस्त्याच्या कामावरची एक म्हातारी घमेलं घेऊन झाडीतून बाहेर आली आणि थेट मोरीकडे निघाली. चार जण ओरडले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या डब्याले काऊन घेरून बसले? आंबील आहे त्यात. ऊन लागून फाटते म्हणून नळीत ठेवली."

झोपलेला एक पोलीस तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "आजी, अजून काय ठेवलं आहे का बघा एकदा आठवून."

"कांदा आहे. खातं का?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग घड्याळ थांबवलं. मुलगी परत आली ती माझ्याकडे नाही, यंत्रवाल्या पोलिसाकडे. ते यंत्र कसं वाजतं, पाण्यातलं लोखंड दाखवतं का, असं विचारत दहा मिनिटं उभी होती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिनं चार फेऱ्या पूर्ण केल्या. घड्याळावर दोन बावन्न होते. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "किती?"

"दोन छप्पन," मी म्हणालो.

मी ठरवून म्हणालो नव्हतो. पण एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला धरून सांगावं लागलं, तिसऱ्या दिवशी त्याला धरून. चार सेकंद मिळवायचे आणि सांगायचे. वाटलं होतं, भरती तोंडावर आली की ती स्वतःच म्हणेल, यंदा राहू द्या. वहीत मात्र मी खरीच वेळ लिहीत होतो. खोटा आकडा बोलता आला, लिहिता येईना. नवव्या दिवशी वहीत दोन एकोणपन्नास लिहिलं आणि तिला दोन त्रेपन्न सांगितलं. ती मुरुमावर बसली. तोंडात धूळ गेली होती, ती थुंकली, आणि म्हणाली, "अजून तीन."

त्या दिवसापासून ती संध्याकाळीही पळू लागली. मी कल्पिलं होतं त्याच्या उलट झालं. आठवड्याभरात तिच्या उजव्या नडगीवर सूज आली. बायको मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची आणि माझ्याकडे बघायची. तिला काही माहीत नव्हतं, तरी बघायची.

सोळाव्या दिवशी दुपारी फौजीभाऊ घरी आले. मुलगी लायब्ररीत गेली होती. चहाचे दोन घोट घेऊन त्यांनी विचारलं.

"गुरुजी, घड्याळ बिघडलं का?"

"नाही."

"मंग तुमी बिघडले. मी पावलं मोजतो. पोरीचे पाय दोन पन्नासच्या आत पडून राह्यले, अन् तुमचं घड्याळ बाहेर. तीन दिवस मले वाटलं मीच म्हातारा झालो."

मी नाकारलं नाही. नाकारण्याऐवजी मला त्यांना कधीचं जे विचारायचं होतं ते विचारलं. तरुणपणी ते श्रीलंकेत पाठवलेल्या आपल्या सैन्यात होते. तिथल्या बंडखोरांशी दोन वर्षांहून जास्त लढाई चालली. गावात ते याबद्दल बोलत नाहीत.

"भाऊ, ते करण्यासारखं होतं का? इतकी वर्षं परक्या मुलखात जाऊन लढणं? मला खरं सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला. "लोकं विचारतात, गोळी लागली का. हे पहिले तुमीच विचारून राह्यले." मग म्हणाले, "आमाले भांडण सोडवाले पाठवलं होतं. काही महिन्यांत आमीच भांडणात. जमीन आपली नाई, झाडी आपली नाई, बोली समजत नाई. एक बाई हात वर करून उभी. मी तिले ओरडून राह्यलो, बस, खाली बस, म्हणजे गोळी लागणार नाई. तिले वाटे मी मारतो म्हणून राह्यलो. ती पळाली."

"मग?"

"मंग काय. पळाली." त्यांनी तोंड पुसलं. "एक पूल होता. पाच महिने आमी राखला. माझ्यासोबतचे दोघं तिथंच गेले. आमी निघून आलो अन् थो पूल उडवला म्हणे."

"म्हणजे वाया गेलं."

"तसं कसं म्हणता? पाच महिने पोरं त्या पुलावरून शाळेत गेले. दप्तर घेऊन. मी रोज पाहे. तुमी गणिताचे, लावा ना हिशोब."

"लागत नाही, भाऊ. दोन्हीकडे एकक वेगळं आहे."

"मले बी इतक्या वर्षांत लागला नाई. पण म्हणून मी आकडा बदलवला नाई." ते उठले. "आज सांगा तिले. नाई तर उद्या मी सांगतो, मैदानावर, साऱ्याइसमोर."

संध्याकाळी मी तिच्यासमोर वही ठेवली. बोलावं लागलंच नाही. तिनं पानं उलटली. मी सांगितलेल्या वेळा तिला तारखेसह पाठ होत्या.

"किती दिवस?"

"सोळा."

"सारे दिवस चारच?"

"शेवटचे दोन दिवस पाच."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती नडगी दाबत बसली.

"जाऊ नको म्हणले असते तर मी भांडली असती. हे काऊन केलं?"

"भांडणात मी हरलो असतो."

"मंग हरायचं ना, बाबा."

मी म्हटलं, त्या दिवशी मी मोरीच्या अलीकडे होतो आणि तू पलीकडे. आणि फौजीभाऊंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, पुलाचं आणि त्या बाईचं. वाटलं, यानं तरी ती विचार करेल. तिनं विचार केलाही.

"भाऊले त्या बाईची बोली येत नव्हती," ती म्हणाली. "मले गोंडी येते. पाच वर्षं होस्टेलात गोंडी पोरींसंग राह्यली मी. तुम्हीच म्हणता ना, आधीचे पोलीस बाहेरून येत, गावात शिरले की लोकाइले ते परदेशातलेच वाटत. मंग इथलेच नाई गेले तर परत बाहेरचेच येतील."

"आणि तुला काही झालं तर?"

"ते मले माहीत नाई. तुमाले बी नाई." तिनं वही मिटली. "उद्यापासून वेळ भाऊ घेतील."

नडगीच्या दुखण्यानं चार दिवस तिनं पाय जमिनीला टेकला नाही. भरतीच्या दिवशी मी गडचिरोलीला सोबत गेलो आणि मैदानाच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. आतून शिट्टी ऐकू यायची, मग टाळ्या, मग पुन्हा शिट्टी. कोणती तिची ते कळायला मार्ग नव्हता. ती लंगडत बाहेर आली आणि म्हणाली, "झालं." वेळ सांगितली नाही. मी विचारली नाही. यादी लागली तेव्हा कळलं, धावण्यात पूर्ण गुण नव्हते. लेखीच्या जोरावर ती निवडली गेली, बरीच खालच्या क्रमांकावर. नडगी धड असती तर क्रमांक वर असता. हे तिनं बोलून दाखवलं नाही, बायकोनं दाखवलं.

ही लांबलेली लढाई करण्याजोगी होती का, असं मला कुणी विचारलं तर मी आता इतकंच सांगेन: रस्ता झाला हे खरं आहे, माझा विद्यार्थी गेला हे खरं आहे, आणि रस्ता दाखवून तो मुलगा फिटला असं जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण रस्ता नकोच होता असं म्हणणाऱ्याबरोबरही मी चार तास चालायला तयार नाही.

तिचं प्रशिक्षण संपलं. आता ती पूर्वेकडच्या झाडीतल्या एका पोलीस ठाण्यात आहे. रेंज आली की रविवारी फोन करते. मागच्या रविवारी ती आईशी बराच वेळ बोलली. एक बाई तापलेलं लेकरू घेऊन ठाण्यात आली होती. गोंडीत बोलणारी त्या वेळी हीच एकटी, म्हणून डॉक्टरला सगळं हिनंच समजावून दिलं. बायकोनं हे मला दोनदा सांगितलं. मग फोन माझ्याकडे आला.

"बाबा, उद्या आमी जंगलात आत जाऊन राह्यलो. फोन लागणार नाई."

"किती दिवस?"

"ते सांगत नसतात."

"अंदाजे?"

"बाबा," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी तिला हाक मारली.