फानुएलचा अंगठा

न्याकासांगा गावात फानुएल चिंबिंदीला काडतुसांविषयी काही विचारायचं, तर घरून जेवून निघावं लागे. एकदा एका नव्या वनरक्षकाने सहज विचारलं, की रानरेड्याला मऊ गोळी चालते तर हत्तीला का चालू नये. प्रश्न सकाळी विचारला होता. उत्तर संपलं तेव्हा शेळ्या घरी परतत होत्या आणि त्या वनरक्षकाच्या वाटचा सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकड, बायकोने कुत्र्याला घातला होता.

फानुएल कौन्सिलच्या बंदूकखोलीचा राखणदार. खोली कसली, दोन लोखंडी कपाटं आणि एक स्टूल. सत्तावीस वर्षं तो त्या स्टुलावर बसून होता. स्टूल डुगडुगायला लागलं तरी बदलू देत नव्हता. आपण दोघं बरोबरीने म्हातारे होतोय, मध्येच एकाला हाकलणं बरं दिसत नाही, असं म्हणायचा. मान्यामे नदीकाठच्या मक्यात हत्ती शिरले, की वनरक्षक त्याच्याकडून मोठी रायफल आणि चार काडतुसं घेऊन जात. काडतुसांसोबत व्याख्यान फुकट मिळे.

मऊ गोळीच्या नाकाला शिसं उघडं असतं, असं व्याख्यान सुरू होई. ती मांसात शिरली की फुलते आणि वाटेतलं सगळं नासवते. रानरेड्याच्या फुप्फुसाला ती उत्तम. पण हत्तीचं कपाळ म्हणजे हातभर जाडीचं हाडांचं पोळं. मऊ गोळी तिथे ओसरीवरच्या पाहुण्यासारखी ऐसपैस पसरते आणि बसून राहते. आत माजघरात मेंदू असतो, त्याला कुणी आल्याची खबरही लागत नाही. कठीण गोळीला बाहेरून सगळं कवच. ती इकडेतिकडे न बघता थेट माजघरात. म्हणून रेड्याला आधी मऊ, मग कठीण. हत्तीला कठीण, कठीण आणि फक्त कठीण.

हे ऐकवताना तो कपाटाकडे न बघता हात घालायचा, अंगठ्याने गोळीचं नाक चाचपायचा आणि हवं ते काडतूस बाहेर काढायचा. नाक खरबरीत, चपटं लागलं तर मऊ; गुळगुळीत, गोल लागलं तर कठीण. लोकांना वाटे, काय हातखंडा आहे म्हाताऱ्याचा. हातखंडा होताच. पण दोन वर्षांपासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं धरलं होतं, आणि खोक्यावरची अक्षरं त्याला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे गेलेल्या माणसाकडे बंदूकखोलीची किल्ली कोण ठेवील? आणि किल्ली गेली, की व्याख्यान ऐकायला कोण थांबेल?

तवेंग्वा मात्र न विचारता थांबायचा. तो वनरक्षकांमधला सर्वांत जुना, आणि फानुएलचा साहविरा. दोघांच्या आज्यांपासून चालत आलेलं हे थट्टेचं नातं. साहविराने साहविराला काहीही बोलावं, भर पंचायतीत त्याच्या चालण्याची नक्कल करावी, आणि दोघांतला एक मेला तर उरलेल्याने मयताच्या दिवशी त्याचे कपडे घालून लोकांना हसवावं. ते त्याचं कर्तव्यच. तवेंग्वाचं देवक हत्ती, म्हणून लोक त्याला सामान्यांगा म्हणत. फानुएलचं देवक माकड, म्हणून तो सोको. तवेंग्वा रायफल न्यायला आला की फानुएल विचारायचा, "आज कुठल्या चुलत्याला मारायला निघालास?" आणि तवेंग्वा म्हणायचा, "चुलते निदान मका खातात, तुझे भाऊबंद तर माझ्या छपरावर हगतात."

मग तवेंग्वा दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायचा, फानुएल तिच्यात चार काडतुसं ठेवायचा, आणि तवेंग्वा ती न बघता पट्ट्यात खोचायचा. साहविराच्या हातचं तपासून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. एकोणीस वर्षांत त्याने एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

पाऊस सरता सरता कौन्सिलकडून नवी खोकी आली. वेगळ्या घडणीची. त्यांतल्या कठीण गोळ्यांचं नाक कापल्यासारखं चपटं होतं. मऊ गोळ्या गोल, गुळगुळीत, टोकाला शिशाचा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. खोक्यावर सगळं ठळक लिहिलेलं होतं. खोकी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला एका शब्दात विचारता आलं असतं. फानुएलने त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी तवेंग्वा आला. चुलत्याचं झालं, छपराचं झालं. फानुएलने हात आत घातला, अंगठ्याने गोल गुळगुळीत अशी चार निवडली आणि ओंजळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मक्याच्या शेतात हत्ती समोरून आला. पंधरा पावलांवर तवेंग्वाने कपाळात गोळी घातली, हत्ती थांबला नाही. दुसरी घातली, तरी थांबला नाही. तिसरीला वेळच मिळाला नाही. हत्ती त्याला तुडवून नदीपार निघून गेला.

कौन्सिलचे साहेब आले, त्यांनी शेतातली माती पाहिली, माणसं विचारली आणि कागदावर लिहिलं, की वनरक्षकाचा नेम चुकला. गावात त्या वाक्याला संध्याकाळपर्यंत पाय फुटले. हात कापत होता म्हणे. आदल्या दिवशी बिअरच्या मडक्याजवळ बसला होता म्हणे. देवकावर गोळी झाडली की असंच व्हायचं, हेही कुणीतरी म्हणालं. माई सेकाईने, म्हणजे तवेंग्वाच्या बायकोने, हे सगळं पाणवठ्यावर ऐकलं. हंडा अर्धाच भरून परत आली.

रायफल फानुएलकडे परत आली तेव्हा तिच्यात दोन काडतुसं शिल्लक होती. त्याने एक काढलं. नखाने टोक खरवडलं. नखावर काहीतरी राखाडी लागलं. तो दारात गेला, हात थेट डोळ्यापाशी धरून उन्हात बघत राहिला. शिसं होतं. त्याने काडतूस खिशात घातलं. त्या दिवशी बंदूकखोलीत आलेल्या दोघांना व्याख्यान न मिळताच जावं लागलं, आणि दोघांनाही वाटलं, म्हाताऱ्याला मित्राचं फार लागलंय.

दफनाच्या सकाळी अंगणभर माणसं होती. बायका झोपडीत प्रेताजवळ, पुरुष मोपानीच्या झाडाखाली. फानुएल तवेंग्वाचा कोट आणि टोपी घालून, खांद्यावर रायफलऐवजी काठी टाकून आला. तवेंग्वासारखा डावा पाय जरा फेकत, दर चार पावलांना नाक ओढत. ओढलेलं नाक इतकं हुबेहूब होतं, की रडून रडून आवाज बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा दारातून डोकावल्या. हशा पिकला. मयताच्या घरी हा हशा लागतोच, त्याशिवाय दुःख गिळवत नाही. फानुएलने हत्तीला "काका, जरा बाजूला सरा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे" म्हणून पाहिलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली.

मग तो काठी टेकून थांबला, आणि एकदम फानुएल झाला. स्वतःचीच नक्कल. डोळे मिचकावत, हवेत हात घालून काडतुसं चाचपत.

"घे सामान्यांगा, कठीण घे," तो म्हणाला. "मी आंधळं माकड. मला खोकं वाचता येत नाही, पण ते कबूल करण्यापेक्षा तुला मारणं सोपं. हत्तीला मऊ गोळ्या दिल्या मी."

अंगण हसून लोटपोट झालं. तवेंग्वाचा थोरला भाऊ डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, की साहविरा असावा तर असा, मेलेल्याचा दोष काढून स्वतःच्या डोक्यावर घेतोय.

फानुएलने तेच पुन्हा सांगितलं, अधिक हळू. अधिक मोठा हशा झाला. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला, तर लोकांना ती तवेंग्वाच्या सर्दीची नक्कल वाटली. सत्तावीस वर्षं ज्याने लोकांना हसवलं, त्याच्याकडे न हसवण्याचा एकही उपाय शिल्लक नव्हता. तो टोपीखाली घामाघूम उभा राहिला.

माई सेकाई झोपडीच्या दारात आली होती. ती हसत नव्हती. ती सरळ पुरुषांमधून चालत आली, तसे जवळचे गप्प झाले, मग त्यांच्यामागचे.

"सोको, टोपी काढा," ती म्हणाली.

त्याने काढली.

"कोटही."

त्याने कोट काढून तिच्या हातात दिला. अंगावरच्या फाटक्या बनियनमध्ये तो एकदम लहान दिसायला लागला.

"आता माझा नवरा नाही, साहविरा नाही. नुसते तुम्ही आहात. आता सांगा."

फानुएलने खिशातून काडतूस काढून तळहातावर धरलं. तो म्हणाला, "याचं टोक नखाने खरवडा, शिसं लागेल. अशी चार मी त्याला दिली. त्याने दोन्ही बरोबर कपाळात मारल्या असणार. मला दोन वर्षांपासून दिसत नाही, माई सेकाई."

तिने काडतूस घेतलं, नखाने खरवडलं, नख पाहिलं. मग ते तिने थोरल्या दिराच्या हातात दिलं. त्याने खरवडलं आणि पुढे दिलं. काडतूस झाडाखालच्या प्रत्येक माणसाच्या हातातून फिरलं. बिअरच्या मडक्याची गोष्ट ज्याने पाणवठ्यापर्यंत पोचवली होती, त्याच्याही हातातून.

खड्डा तयार होता. साहविराने आधी आत उतरून प्रेत हातांवर घ्यायचं असतं. सगळे थोरल्या भावाकडे बघत होते आणि तो जमिनीकडे.

"उतरा," माई सेकाई म्हणाली. "दुसरं कोण उतरणार? पण आज तोंडातून शब्द नको."

फानुएल खड्ड्यात उतरला. वरून तवेंग्वाला खाली सोडलं तेव्हा त्याने ओंजळ करून डोकं आणि खांदे हातांवर घेतले. तवेंग्वा काडतुसं घ्यायचा तसे. पण त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दिसत काही नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी तो कौन्सिलच्या कचेरीत गेला. त्याने टेबलावर किल्ली ठेवली, किल्लीशेजारी काडतूस ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, की नेम चुकला नव्हता, गोळी चुकीची होती, ती मी दिली, तेवढं कागदावर बदला.

साहेब त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसायला लागले. "फानुएल, मयत कालच झालं ना? अजून संपली नाही का तुझी..."

मग त्याच्या मागे दारात उभ्या असलेल्या माई सेकाईकडे त्यांचं लक्ष गेलं. तिने आपलं नख अजून धुतलं नव्हतं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला.