बेटासाठी एक शब्द

फ्रीगंजच्या टावर चौकातून आतल्या गल्लीत वळलं की भय्यासाहेबांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान लागतं. त्याच्या डोक्यावर अरविंद पागनीसांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. खाली मिक्सर घुरघुरतात, वर पोरं क्रियापदं चालवतात, आणि या कोलाहलात सर खिडकीबाहेर बघत भलत्याच मुलखात पोचलेले असतात. स्वारी जन्मात भुसावळच्या पुढे गेलेली नाही. पण 'लांब' म्हटलं की डोळे असे होतात, जणू तिकडून आताच कुणी हाक मारली.

'रिमोट', म्हणजे लांबचा, आडबाजूचा, हा त्यांचा लाडका शब्द. पोरांना टीव्ही आठवतो. सर हसतात. "समानार्थी म्हणजे जुळे नव्हेत रे. एका घरातल्या जावा आहेत त्या. आडनाव एक, स्वभाव न्यारे." मग एकेक जाऊबाई पुढे येते. डिस्टंट म्हणजे स्टेशनातून सुटलेल्या गाडीची शिट्टी. ऐकू येते, हाती लागत नाही. सिक्लुडेड म्हणजे दुपारचा क्षिप्रेचा एखादा रिकामा घाट, जिथे आपण होऊन एकटं बसावं. आयसोलेटेडही एकटाच, पण दुसऱ्यांनी बसवलेला, परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या पोरासारखा. आणि डेझोलेट आला की सर आवाज खाली आणतात. "जिथे माणूस होता, आता नाही." एवढं बोलून इतका वेळ गप्प बसतात की मागच्या बाकावर शेवेची पुडी उघडली जाते.

गेल्या दिवाळीनंतर या क्लासात सुलोचना वाकनीस येऊन बसल्या. शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं लोटलेली. अख्खं फ्रीगंज त्यांना सुलूताई म्हणतं. सर तेवढे 'वाकनीसबाई' म्हणत. साठीच्या अविवाहित गृहस्थाच्या तोंडून 'ताई' निघेना, यात काय ते शहाण्यांनी समजून घ्यावं. भय्यासाहेबांनी पहिल्याच आठवड्यात समजून घेतलं.

"काय सर, आजकाल शर्टाला रोज इस्त्री?"

"घाम येतो."

"डिसेंबरात?"

सुलूताईंना इंग्रजी हवं होतं सुनेसाठी. मुलगा अनय स्कॉटलंडच्या उत्तरेकडे एका बेटावर राहून समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. तिथलीच मुलगी केली. नाव आयला. तिकडे गोड नाव असेल, पण सुलूताईंनी फोनवर सुनेला हाक मारली की शेजारी दचकत. एवढी सोज्वळ बाई, शिव्या कधीपासून द्यायला लागली? आयलाला दिवस गेले होते आणि बाळंतपणासाठी सासूबाईंना बोलावणं आलं होतं. सुलूताईंचं जाऊ की नको चाललेलं. थंडी, विमान, ती भाषा. "तिकडे नर्सा असतात की," असं त्या हल्ली म्हणू लागल्या होत्या, आणि ते वाक्य सरांना गाण्यासारखं गोड लागे.

फेब्रुवारीत एके दिवशी क्लास सुटल्यावर त्या मागे थांबल्या. फोन पुढे केला.

"सर, सूनबाईने बोलून पाठवलंय. घासात खडा आल्यासारखी बोलून राहिली आहे. जरा ऐकून सांगा ना."

सरांनी फोन कानाला लावला. पोरीच्या आवाजामागे वारा होता, वाऱ्यामागे पाणी. घर उतारावर आहे, ती सांगत होती. तिन्ही बाजूंना समुद्र. शेजार टेकडीपलीकडे. उन्हाळ्यात उजेड खिडकीतून जायचं नावच घेत नाही. अनय आठवडे आठवडे समुद्रावर असतो. जागा जराशी रिमोट आहे, आई, असं म्हणून ती किंचित हसली.

सरांनी डोळे मिटले आणि ते तिथे गेलेच. गवत एका अंगाला निजलेलं. राखाडी पाण्यावर दुधासारखा उजेड. त्या न मावळणाऱ्या संध्याकाळी खिडकीत वाकनीसबाई बसल्या होत्या, मांडीवर लोकर, केस वाऱ्याने सुटलेले. इतकं सुंदर होतं सगळं की सरांना तिथून हलवेना. मग दिसलं की त्या खिडकीत दुसरी खुर्ची नाही.

एकांतातलं, निवांत. हाच अर्थ होता. सरांना पक्कं ठाऊक होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"ओसाड आहे म्हणते. निर्जन. वारा आणि पाणी, बस."

"असं म्हणाली?"

"शब्द रिमोट आहे. पण छटा... छटा तशी आहे."

सुलूताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरल्या. सर त्या संध्याकाळी गुणगुणत घरी गेले. जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या क्लासच्या आधीच हजर.

"पुतण्याला तिकीट काढायला सांगितलं."

"कुठलं?"

"कुठलं काय? आयलाकडचं! सर, पोटुशी पोर, ओसाड जागा, नवरा समुद्रावर, आणि मी इथे नर्सा असतात म्हणत बसले! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून, नाहीतर मी गेलेच नसते."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "तसं अगदी ओसाड नाही हो. निवांत म्हणा. एकांत म्हणा. टेकडीपलीकडे शेजारही आहे."

"काल नव्हता?"

"काल मी... वाईट छटा घेतली."

"का?"

नेमका खालचा मिक्सर थांबला. भय्यासाहेबांनी बटण बंद केलं होतं, दुसरं काय.

"तुम्ही जाऊ नये म्हणून," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

सुलूताईंनी पर्सचा बंद बोटाभोवती करकचून गुंडाळला. रागावल्या होत्या, हे त्यावरूनच कळत होतं. मग म्हणाल्या, "आप भी ना, सर! पोरीच्या तोंडी भलतं घातलंत. साधं 'जाऊ नका' म्हणायला काय झालं होतं?"

"म्हटलं असतं तर?"

"तरी गेले असते. पण ऐकून गेले असते." त्यांनी पर्समधून किल्ली काढून बाकावर ठेवली. "सहा महिने घर बंद राहील. संध्याकाळी खिडक्या उघडायला कुणीतरी हवं."

"लोक विचारतील, हे कोण लागतात?"

"सांगा, लांबचे. सध्या तरी लांबचेच राहणार आहात."

चैत्रात त्या गेल्या. सर रोज संध्याकाळी त्यांच्या घरी खिडक्या उघडतात. खिडक्या उघडायला कितीसा वेळ लागतो, हा हिशोब फ्रीगंजला अजून जमलेला नाही. परवा भय्यासाहेब स्कूटरवरून जाताना मुद्दाम हळू झाले. दिवेलागण होऊन गेलेली, पण आत अंधार. सर फोन कानाला लावून, डोळे मिटून बसले होते. तिकडे दुपार होती. कोवळं बाळ कुरकुरत होतं, वारा चालला होता, आणि सुलूताई खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत होत्या, मराठीतच. सर मधूनमधून फक्त "हं" म्हणत होते.