कांद्याच्या बराखीतली झोप

त्या उन्हाळ्यात आम्हा आशा सेविकांना पत्रकांचे गठ्ठे मिळाले. वर लालभडक सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत सूचना : दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. ती घरोघर पोचवायची वेळ आमच्या वाट्याला आली ती नेमकी बारा ते चारच, कारण सकाळी लसीकरण असायचं.

मोशीत माझ्याकडे जो भाग होता त्यात नव्या सोसायट्या होत्या आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. सोसायटीत वॉचमन पत्रकं गेटवरच ठेवून घ्यायचा. खोल्यांवर मात्र दार वाजवून, वाचून दाखवून द्यायची होती.

एका दुपारी शेवटच्या रांगेतलं दार वाजवलं. तिशीतल्या एका बाईनं उघडलं. मराठवाड्यातून आलेली, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. त्या महिन्यात तिची रात्रपाळी होती, म्हणजे झोपायची वेळ हीच. फरशीवर ओली चादर पसरून ती पडली होती. डोळे लाल. मला अपराधी वाटलं, तरी कामच ते, म्हणून मी दारात उभी राहून पत्रक वाचायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग वर पत्र्याकडं बघितलं.

"ताई, भाईर निदान झाड तरी हाय," ती म्हणाली.

मी पत्रक तिच्या हातात देणार तोच डोळ्यांपुढं अंधारी आली. चौकट धरली एवढं आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा मी बाहेर कडुनिंबाखाली आडवी होते आणि ती माझ्या तळपायांना ओलं फडकं लावत होती. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं खच्चून भरलेली. त्यातलंच एक फोडून तिनं तांब्यात कालवलं होतं.

"उठू नगा. आधी एवढं प्या," म्हणाली. "लोकायला वाटत फिरताव, सोता पेत न्हाईत व्हय?"

चार वाजेपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती. मी घरी गेले, जेवले, पंख्याखाली झोपले. संध्याकाळी लक्षात आलं की तिची कंपनीची बस सातला निघते आणि आज ती डोळ्याला डोळा न लावता रात्रभर उभी राहणार आहे. दुसऱ्या दिवशी मी सरळ खोल्यांच्या मालकिणीकडं गेले.

त्यांना सगळा गाव आक्का म्हणतो. जुन्या शेतकरी घरातल्या. यजमान गेले, थोडी जमीन रस्त्यात गेली, उरलेलीवर या तीस खोल्या. मी झालेलं सांगितलं. आक्कांनी शांतपणे ऐकलं.

"पत्रा हाय म्हणून भाडं कमी हाय. स्लॅब टाकल्यावर त्यास्नी परवडंल व्हय?"

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, उद्या दुपारी दोनला माझ्यासोबत त्या खोलीत बसाल? अर्धा तास फक्त."

"बसून काय व्हनार?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

मला वाटलं येणार नाहीत. पण दोनला छत्री घेऊन हजर. त्या बाईनं गडबडीनं चटई टाकली, पंखा आक्कांकडं वळवला. पंख्यातून गरम वाफाच येत होत्या. आक्का पदरानं मान पुसत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "रोज अशीच झोपतीस?"

"झोप कुठं लागतीय, आक्का. नुसतं पडून ऱ्हायचं."

आक्कांनी भिंतीचा पत्रा हातानं चाचपला, चटकन हात मागं घेतला आणि उठून बाहेर पडल्या. रागावल्या वाटतं, म्हणून मी मागोमाग धावले. त्या खोल्यांच्या मागं गेल्या होत्या, कांद्याच्या बराखीपाशी. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट जागा : जमिनीपासून उचललेली, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. शेती संपल्यापासून तिथं मोडक्या खुर्च्या पडून होत्या. आक्का आत जाऊन उभ्या राहिल्या. पट्ट्यांमधून वारा येत होता.

"कांद्याला खालून वारा लागतो, वरून सावली लागती. न्हाई मिळाली की सडतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमी कांद्याला एवढं जपलं. आन् मानसास्नी पत्रा दिला."

दोन दिवसांत बराख रिकामी झाली. मधे गोधड्यांचा पडदा टांगून एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. रात्रपाळीची माणसं दुपारी तिथं झोपायला लागली. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातले चाचा स्वतः शिडी घेऊन आले. चुन्यात काय घालायचं म्हणजे तो पावसात धुऊन जात नाही, हे त्यांनी दाखवलं आणि ऊन परतावं म्हणून भाडेकरूंनी रविवारी सगळे पत्रे पांढरे केले. खोल्या थंड झाल्या असं नाही, पण निदान आत बसता यायला लागलं.

दवाखान्यातल्या मासिक बैठकीत मी हे मांडलं. उष्माघाताच्या फॉर्ममध्ये दिवसा झोपणाऱ्या माणसांसाठी रकाना नव्हता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "'इतर'मध्ये लिहा, पण सविस्तर लिहा." मी पानभर लिहिलं. पुढच्या वर्षी पत्रकात एक ओळ वाढली : पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी दुपारी जवळच्या सावलीच्या जागी थांबावे. माझ्या लिहिण्यामुळं वाढली की आणखी कुणाच्या, कोण जाणे. ती जागा कुठं, हे मात्र छापलं नव्हतं. माझ्या भागात मी ते तोंडी सांगायचे.

बराख तीन उन्हाळे टिकली, मग रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. मोबदला जमिनीचा मिळाला. तिथं झोपणाऱ्यांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. त्या बाईला आता दिवसपाळी मिळाली आहे, चाकणलाच राहायला गेली. दिवाळीला फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "पानी पेताव ना?" माझं हे काम, माझी तब्येत, लोकांचं ऐकून घ्यायची सवय, सगळं त्या एका दुपारनंतर बदललं. तिची झोप मोडून ते मला मिळालं, आणि तिनं कधी तसं जाणवूही दिलं नाही.

बराख पाडली त्या आठवड्यात आक्कांनी आपल्या घराची खालची मोठी खोली मोकळी केली. त्यांच्या मुलांना ती दुकानाला भाड्यानं द्यायची होती. आक्का एवढंच म्हणाल्या, "माझ्या मागारी द्या." गेल्या वैशाखात मी तिथं गेले तर आत सात-आठ जण गाढ झोपलेले, आणि आक्का दारात खुर्ची टाकून बसलेल्या. भाजीवाला भोंगा लावून गल्लीत शिरला. आक्कांनी काठी उचलून त्याला दटावलं, "ए बाबा, बंद कर ते! मानसं झोपल्यात."