क्लच नसलेली गाडी

हायब्रीड गाडी घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न आमच्या घरात दिवाळीला शिरला आणि होळी आली तरी बाहेर निघेना. जुनी डिझेल गाडी थकली होती. महिन्याआड गॅरेज, कधी क्लचप्लेट तर कधी रेडिएटर. नवीन गाडी घ्यायची एवढं नक्की होतं, आणि तेवढंच नक्की होतं.

माझ्या नवऱ्याचं हिंगोलीत बी-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गाड्यांबद्दल मत असतं, ज्याच्याकडे सायकल आहे त्याला जरा जास्तच. ही सगळी मतं नवरा रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचा. सीएनजी परवडते, पण पंपावर रांग आणि डिक्कीत टाकी. मग अकोल्याला शिकणाऱ्या आमच्या पोरीचं सामान ठेवायचं कुठं? इलेक्ट्रिक चांगली, पण आमच्या गल्लीतली लाइट कधी जाईल याचा भरवसा कुणी द्यायचा? डिझेल दणकट, पण डिझेलचे दिवस भरले म्हणतात. आणि हायब्रीड महाग. बॅटरी गेली तर काय, सर्व्हिसिंगला नांदेडला जावं लागणार, हायवेला तिचा फायदा तो किती. सासरे कॉटवर पडल्या पडल्या म्हणायचे, हायब्रीड ज्वारीची भाकर कधी गोड लागली का, मग गाडी कुठून लागणार. सगळे आपले उंटावरून शेळ्या हाकत होते.

मी स्वयंपाकघरातून हे ऐकत असायचे आणि आतल्या आत माझी नुसती चुळबुळ चालायची. कढई घासताना हात जोरात चालायचा. मला ॲव्हरेजशी काही देणंघेणं नव्हतं. मला क्लच नसलेली गाडी पाहिजे होती. साधी ऑटोमॅटिक मागितली असती तर पेट्रोल पिते म्हणून पहिल्याच दिवशी तिचा निकाल लागला असता. हायब्रीडला क्लच नाही आणि पेट्रोलही कमी लागतं, म्हणून मी तिचं नाव काढलं. मग लोक बॅटरीवर बोलत बसले आणि माझं राहिलं बाजूला.

मी जवळा बाजारला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी औंढ्याच्या स्टँडवर बसमधून उतरताना पडले आणि डावा घोटा फुटला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण घोटा वळायचा थांबला तो थांबलाच. मी चालते, जिना चढते, लग्नात ताट हातात घेऊन उभ्यानं जेवते. फक्त क्लच दाबता येत नाही. त्याआधी मी गाडी चालवत होते, आणि उगाच विनय कशाला, चांगली चालवत होते. पोरीला आणायला जाताना कनेरगाव नाक्यावर दोन ट्रकांच्या मधल्या फटीत मी गाडी उलटी लावली होती, तेव्हा ढाब्यावरची माणसं चहा सोडून बघत राहिली होती. घोटा गेला आणि मी डावीकडच्या सीटवर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा पाय ठणठणीत आहे, क्लच नसलेली गाडी बिनधास्त चालवा. नवरा म्हणाला, "मी आहे ना."

आणि तो होताच. उन्हाळा-पावसाळा, रोज सकाळी शाळेत सोडायचा, रोज दुपारी न्यायला यायचा. लोक मला म्हणायचे, नशीब काढलंस बाई. बसचं नाव काढलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे, म्हणून तेही काढत नसे.

पण पेरणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्याला उशीर व्हायचा. शाळा सुटायची, हट्टा गावाकडचे सर मोटारसायकलला किक मारून निघून जायचे, शिपाई कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा, आणि मी फाटकाशी उभी. बाजाराचा दिवस असला की रस्ता माणसांनी, टेंपोंनी, बैलगाड्यांनी गच्च भरलेला असायचा आणि त्यातून प्रत्येक पांढरी गाडी मला आमचीच वाटायची. चाळिशी उलटलेली मी, पण न्यायला कुणी आलं नाही म्हणून रडवेल्या झालेल्या पहिलीतल्या लेकरासारखी टाचा उंचावून बघायचे. तो यायचा, दमलेला असायचा, उशीर झाला म्हणून वाटेत माझ्यासाठी पेरू घेतलेले असायचे. त्याच्यावर रागावणंही अवघड करून ठेवलं होतं त्यानं. मी पेरू खायचे आणि समोर म्हैस आडवी आली की उजव्या पायानं गाडीची फरशी दाबायचे.

शेवटी एका संध्याकाळी तो पुन्हा हायवेच्या ॲव्हरेजवर आला तेव्हा मी लसूण सोलणं थांबवलं आणि सरळ सांगितलं, की गाडी मला चालवायची आहे, रोज, एकटीला. तो गोंधळला. म्हणाला, "काहून? माझं काही चुकून राहिलं का?" चुकत काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. मी त्याला हे समजावायला गेले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

पुढच्या रविवारी तो एका ओळखीच्या डीलरची गाडी दाखवायला घेऊन आला. स्वारी खुशीत होती. मागच्या दारावर हायब्रीड असं चकचकीत लिहिलेलं, किंमतही आवाक्यातली. मला चल म्हणाला, बस म्हणाला. मी बसले, खाली बघितलं, तर पायाशी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर तिघे ओळीनं हजर. त्या गाडीत छोटी बॅटरी होती, ती इंजिनाला नुसता हातभार लावायची. बाकी गिअर, क्लच सगळं जुनंच. नावाला हायब्रीड. मी उतरले आणि घरात गेले. तो मागून येऊन म्हणाला, त्यावर तर हायब्रीडच लिहिलंय. त्यानं खरंच पायाशी बघितलं नव्हतं. दोन वर्षं ज्या बायकोच्या पायाला तो तेल लावून देत होता, तिच्यासाठी गाडी बघताना तिचा पाय त्याच्या लक्षातच आला नव्हता. मी त्या दिवशी जेवले नाही.

मग आम्ही नांदेडला गेलो. शोरूममधला पोरगा माझ्याकडे एकदाही न बघता साहेब साहेब करत नवऱ्याला सगळं सांगत होता. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, वेगळं चार्जिंग नको, हळू चालताना इंजिन बंद राहतं. चालवून बघा म्हणत चावी त्यानं नवऱ्यापुढे धरली. ती मी मधल्यामध्ये घेतली.

पहिली पाच मिनिटं डावा पाय कुठं ठेवायचा कळेना. तो सवयीनं पुढे जायचा आणि तिथं काहीच नसायचं. मग तो आपोआप निवांत पडला. नांदेडच्या गर्दीत रिक्षा, हातगाडे, आडवी घुसणारी पोरं, थांब, चल, पुन्हा थांब, आणि इंजिनाचा आवाज नाही. सिग्नलला माझा घोटा दुखला नाही. मला इतका आनंद झाला की शेजारी नवरा आहे हेही थोडा वेळ विसरले. अर्धापूरच्या रस्त्याला लागल्यावर गाडी पळायला लागली, इंजिन सुरू झालं ते सुरूच राहिलं, आणि पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा उतरत गेला. नवरा त्या आकड्याकडे टक लावून बसला होता. उजव्या पायानं फरशी दाबत होता.

त्याचं बरोबर होतं, तेही सांगते. एका वेगानं लांब पळायचं असेल तर हायब्रीडचा फारसा मोठा फायदा नाही. महिन्यातून एकदा अकोल्याला जाण्यासाठी कुणी तिच्यावर जास्तीचा पैसा घालू नये. पण हिंगोलीच्या गल्ल्या, गावागणिक स्पीडब्रेकर, औंढ्याची देवळापुढची गर्दी, जवळ्याचा बाजार, हा माझा रोजचा रस्ता म्हणजे थांब-चलच. तिथं ती आपली किंमत वसूल करते.

परतताना जुन्या गाडीनं, त्याच्या हातात स्टिअरिंग, आम्ही वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो. मी हा सगळा हिशेब त्याला सांगितला. त्यानं मान हलवली, पण खिचडी तशीच चिवडत राहिला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "सकाळचा तेवढाच वेळ आपून दोघं बोलतो. घरी बाबा, दुकानात गिऱ्हाईक. तू एकटी गेली की मंग मी काय करू?"

दिवाळीपासून मी बॅटरीशी भांडत होते, किमतीशी भांडत होते, आणि हा माणूस आपली सकाळ राखत बसला होता. मला गलबलून आलं. त्याचा हात धरावासा वाटला. आणि त्याच क्षणी रागही आला, कारण त्या सगळ्या सकाळी त्याच्या होत्या, माझ्या नव्हत्या.

"तुमी बोलता," मी म्हटलं, "अन् मी रस्ता पाहून राहते, कवा सुटन म्हणून. बोलायला रोज रात्री बसन मी तुमच्यापाशी. पण जाऊ द्या मला."

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं हात धुतले, पैसे दिले, गाडी काढली. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि आपण जरा जास्तच बोललो का, हे मनात घोळवत राहिले. कळमनुरी मागे पडल्यावर तो म्हणाला, "रंग कोणता घ्यायचा?"

गाडी आली. पूजा झाली, लिंबं चिरडली, सासऱ्यांनी पुढच्या सीटवर बसून बघितलं आणि ज्वारीचा विषय काढला नाही. पहिले काही दिवस नवरा सवय होईपर्यंत म्हणून शेजारी बसून जवळ्यापर्यंत यायचा आणि बसनं परत जायचा. सवय मला कधीच झाली होती. तरी तो यायचा, आणि मला नाही म्हणवत नव्हतं.

एका सोमवारी तो आंघोळीला गेला होता. मी पर्स घेतली, अंगणात आले, गाडीत बसले. थांबले थोडी. मग फाटकाबाहेर काढली. आरशात दिसलं, तो टॉवेल खांद्यावर टाकून, भांग पाडून, चपला घालूनच दारात आला होता. त्यानं हात वर केला नाही. मी गाडी थांबवली नाही.

औंढ्यापर्यंत माझे डोळे सारखे भरून येत होते. देवळापुढची गर्दी सावकाश पार केली, पुढे रस्ता मोकळा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्यानं गाणं म्हणत होते.