त्या फोटोखालचं चुकीचं नाव

दत्ताराम परब गेल्याचं मला आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. "आपल्या मंडळाचे जुने मदतनीस श्री. दत्ताराम परब यांचे काल दुःखद निधन झाले," एवढाच मजकूर. खाली हात जोडल्याच्या तीस-चाळीस खुणा, आणि त्यांच्या मध्येच कुणीतरी पुढच्या रविवारच्या सहलीला किती जण येणार म्हणून विचारलेलं. मदतनीस! माझं डोकं असं सणकलं की हातातली कपबशी मी ओट्यावर आपटली आणि बशीचे दोन तुकडे झाले. ज्याच्या हातांवर या मंडळाने आयुष्यभर मिरवलं, तो मदतनीस? तुकडे गोळा करताना लक्षात आलं, हा शब्द या लोकांना शिकवला कोणी... मीच. इतकी वर्षं कुणाशीही ओळख करून देताना मी म्हणत आलो, "हा दत्ता. आम्हाला मदत करतो."

दत्ता मला भेटला तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात तो जॉबर होता, म्हणजे कापड विणणारे साचे बिघडले की ते दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस. राहायला भोईवाड्यात. मी गिरगावात राहणारा, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे संप माझ्यासाठी पेपरातली बातमी होती. दर रविवारी दादरच्या एका शाळेच्या वर्गात आम्ही मंडळी दुर्बिणीचे आरसे घासायला जमायचो. हाताला काम नाही म्हणून वेड लागायची पाळी आलेला हा माणूस एक दिवस कुणाबरोबर तरी तिथे आला. माझी नवी दुर्बीण मी मोठ्या ऐटीत उभी केली होती. त्याने तिला एका बोटाने हळूच टिचकी मारली, आणि ती बराच वेळ लटलटत राहिली. "मास्तर," तो म्हणाला, "हिका हीव भरला काय?" सगळा वर्ग हसला. मला राग आला होता, पण त्याचं खरं होतं. पुढच्या रविवारी तो कागदावर पेन्सिलीने काढलेलं एक चित्र घेऊन आला.

चित्र माउंटचं होतं. दुर्बीण ज्यावर बसते आणि ज्याच्या जोरावर ती ताऱ्याबरोबर फिरते, ते यंत्र म्हणजे माउंट. दत्ता त्याला घोडा म्हणायचा. आकाश फिरतं त्याच वेगाने घोडा फिरला तरच अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवून फोटो काढता येतो, नाहीतर प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. हे मी त्याला एकदाच समजावून सांगितलं. लालबागमध्ये त्याच्या ओळखीच्या एका टर्नरचा गाळा होता, तिथल्या लेथवर त्याने पितळेचं दातेरी चाक कापलं, त्यात बसणारा आटे पाडलेला दांडा केला, तो फिरवायला छोटी मोटर लावली, आणि चाळीच्या गच्चीवर घोड्याचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखून महिनाभर तो घासत, तपासत, पुन्हा घासत बसला. गच्चीवरून तेव्हा ध्रुव दिसायचा. आता त्या बाजूला गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभा आहे आणि त्याच्या विसाव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे म्हणे. घोड्याच्या अंगावर कॅमेऱ्याच्या शेजारी आम्ही एक छोटी दुर्बीण बसवली. तिच्यातून एक तारा सतत बघत राहायचं आणि तो मध्यावरून जरा हलला की बटण दाबून घोड्याला सावरायचं. मध्य दाखवायला भिंगात फुली लागते. दत्ताने धाग्याचे पदर सोडवत सोडवत केसाहून बारीक असा एक तंतू काढला आणि त्याची फुली बसवली. पापणी न लववता तो त्या फुलीवर डोळा ठेवायचा. मला पाच मिनिटांत पाणी यायचं.

पुढे धूमकेतू आला त्या वर्षी आम्ही मुरबाडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर मुक्काम टाकला होता. पहाटेची वेळ. कॅमेरा माझा, फिल्म माझी, हातातलं घड्याळ माझं. छोट्या दुर्बिणीला डोळा लावून दत्ता बसलेला. दहा-बारा मिनिटं झाल्यावर मी सहज विचारलं, "तारा मध्यावर आहे ना?"

"तारो नाय धरूक. धूमकेतूचा डोका धरलंय."

"कोणी सांगितलं तुला?"

"काल बघलंय मी. हो ताऱ्यांबरोबर चलना नाय, आपल्याच चालीन चलता. तारो धरलो तर हेचो फराटो होतलो."

मी ओरडलो त्याच्यावर. सांगितलंय तेवढं कर, फिल्म फुकट घालवलीस, स्वतःला काय समजतोस, असलं सगळं बोललो. त्याने भिंगावरचा डोळा काढला नाही, बोटं बटणावर तशीच चालत राहिली. मी तणतणत जाऊन बांधावर बसलो आणि वेळ झाल्यावर कॅमेरा बंद केला.

तोच तो फोटो. तारे रेघांसारखे ओढलेले आणि त्यांच्या मधोमध धूमकेतू, शेपटीतला धागा न् धागा मोजता येईल असा. वर्तमानपत्रात छापून आला, कॅलेंडरवर आला, खाली माझं नाव. तोवर ठीक होतं, कॅमेरा ज्याचा त्याचं नाव ही रीतच होती. पण मग लोक विचारायला लागले, ताऱ्याऐवजी धूमकेतूच धरायचं कसं सुचलं? पहिल्यांदा मी नुसताच हसलो. दुसऱ्यांदा म्हणालो, "सुचलं." दादरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपचे प्रमुख आले होते. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग मला विचारलं, "हे माउंट कोणी बनवलं? आणि धूमकेतू धरायची कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "माउंट मंडळात सगळ्यांनी मिळून केलं. कल्पना माझी." ते हळहळले. म्हणाले, "तुम्ही तर नोकरीत आहात. आम्हाला असा माणूस हवा होता, हाताने करणारा आणि स्वतःच्या डोक्याने चालणारा." दत्ता तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला लोकांना घोडा फिरवून दाखवत होता. गिरणी त्याच्यासाठी कायमची बंद झाल्याला किती दिवस झाले होते ते मला नीट ठाऊक होतं. त्या क्षणी बोट दाखवायचं होतं, बस्स. पण दाखवलं असतं तर आधीच्या वाक्यातलं खोटं उघडं पडलं असतं. मी त्यांचं कार्ड घेतलं आणि खिशात ठेवलं.

दत्ता वेल्डिंगला लागला. खिडक्यांचे ग्रिल. ठेकेदाराने डोळ्यांपुढे धरायची धड काच दिली नव्हती, संध्याकाळी डोळे लाल घेऊन घरी यायचा आणि बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडून राहायचा. ज्या डोळ्यांनी त्याने धूमकेतू धरून ठेवला ते डोळे शहरभरच्या खिडक्यांवर जाळले. गिरण्या बुडवून जमिनी विकणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या देत आलोय, व्याख्यानांत, लेखांत, मोठ्या तावातावाने. लोकांना तो माझा सात्त्विक संताप वाटायचा. त्या शिव्यांमध्ये मला स्वतःला लपायला चांगली जागा होती, हे आज लिहितोय.

अलीकडे काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या नीताने, ती संगणकाच्या कंपनीत आहे, जुन्या घोड्यावर ऑटोगाइडिंग बसवायचं ठरवलं. छोट्या दुर्बिणीला डोळ्याऐवजी कॅमेरा लावायचा. तो तारा बघतो, तारा हलला की लॅपटॉप मोटरला सांगतो आणि घोडा आपोआप सावरतो. दत्ताला तोवर समोरच्या माणसाचा चेहराही धूसर दिसायचा, पण नव्या मोटर त्यानेच बसवल्या, बोटांनी चाचपून. लॅपटॉपवर तारा किती हलतोय ते दाखवणारी रेघ उड्या मारत होती. नीता आकडे बदलून बदलून थकली. दत्ताने चाकाला बोट लावलं, म्हणाला, "दाते मधल्यामधी खुळखुळतत." मग पूर्वेच्या बाजूला लोखंडाचा एक नट सुतळीने बांधला. "थोडा पूर्वेक जड ठेव, म्हणजे दाते एका अंगाक टेकून ऱ्हवतत." रेघ शांत झाली. नीता खूश होऊन म्हणाली, "काका, पूर्वी हे सगळं हाताने? डोळा लावून कोण बसायचं?" दत्ता माझ्या दिशेला वळला. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. "होतो एक जण," तो म्हणाला आणि सुतळीची गाठ आवळली.

मंडळाने शोकसभा घेतली. पडद्यावर तो फोटो, खाली माझं नाव. अध्यक्ष म्हणाले, परबांनी सामान वाहण्यापासून सगळी मदत केली. मी उठलो आणि सांगून टाकलं. माउंट त्याचं, कल्पना त्याची, डोळा त्याचा. मी खोटं बोललो आणि त्यापायी त्याला मिळू शकणारी नोकरी गेली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मित्राला श्रेय द्यायला एवढं मोठं मन आज कुठे बघायला मिळतं?" मी ओरडलो, "टाळ्या कसल्या वाजवताय?" त्यांना वाटलं मला भरून आलंय. कुणीतरी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी भोईवाड्यात गेलो. दत्ताच्या बायकोला, सुमनवहिनींना म्हटलं, घोडा मंडळाच्या हॉलमध्ये ठेवू, पितळेच्या पाटीवर दत्ताचं नाव घालू. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पाटी लावायची तर त्या फोटोखाली लावा. घोडा त्यांनी केला ते अख्ख्या चाळीला माहीत आहे."

मग मी प्रदर्शनातला प्रसंग सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"'कल्पना माझी.' हेच म्हणालात ना तुम्ही? त्यांनी त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं."

"तो तर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता, वहिनी. एवढ्या गर्दीत त्याला ऐकू कसं..."

"साचेखात्यातल्या खडखडाटात कानाने ऐकतं कोण? तिथे सगळे ओठ वाचतात. लाइनीच्या या टोकाचा त्या टोकाच्याशी तसाच बोलायचा."

नंतरची सगळी वर्षं तो माझ्याबरोबर हिंडला होता, माझे डबे खाल्ले होते, माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचे बल्ब लावले होते. मी विचारलं, "मग तो माझ्याकडे येत का राहिला?"

"मीपण तेच विचारलं होतं. म्हणाले, दुर्बीण मास्तरांकडे आहे."

मी याला मैत्री समजत होतो. कुणावर चिडावं तेही मला आता कळत नाही. निदान तोंडावर बोलला असता, भांडला असता, चार शिव्या घातल्या असत्या मला... पण भांडून आकाश गमावण्याएवढी त्याची ऐपत नव्हती आणि ती ऐपत येऊ न देण्यात माझा हात होता. मंडळाला मी फोटोखालचं नाव बदलण्याविषयी तीन पत्रं दिली आहेत. विचाराधीन आहे असं कळवतात.

घोडा भोईवाड्यातच आहे, खिडकीखाली, जुन्या चादरीने झाकलेला. बंद राहिला तर गंजेल, चालवून जात जा, एवढं वहिनींनी सांगितलं आहे. म्हणून दर रविवारी दुपारी मी जातो. चादर काढतो, दात्यांना तेल देतो, अर्धा तास मोटर लावून ठेवतो आणि ती बंद केली की घोडा पुसून पुन्हा झाकतो. वहिनी न विसरता चहा आणून देतात. मी तो घोड्याशेजारी उभ्या उभ्या पितो. पूर्वी दारात पाऊल पडायच्या आत त्या "बसा हो भावजी" म्हणायच्या. आता म्हणत नाहीत.